घोट्यांमधली तर्जनी

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, शुभ्रतोया नदीच्या तीरी, अर्जुनवृक्षांच्या शीतल छायेत और्वभानू नामक आजन्म ब्रह्मचारी महर्षींचा आश्रम होता. एके दिवशी त्या शांत तपोवनात राजा सुवर्चा आपल्याच राणीविरुद्ध न्याय मागण्यासाठी आला.

राणी मंदोर्मी ही नदीची कन्या. नदीच्या लेकी पहिले अपत्य आईला परत देतात, अशी लोकवदंता होती. त्या प्रभाती आठ महिन्यांचा राजपुत्र नदीत पडला आणि वाचला. "पायरीवरून निसटला, मीच त्याला ओढून काढले," असे ती सांगत होती. परंतु विश्वास कोण ठेवणार? पाहणारा एकटा गंधर्व चित्ररेख, आणि त्याचे बारा वर्षांचे मौनव्रत. त्याने भूर्जपत्रावर काजळाच्या शाईने पाहिले तेवढे रेखाटून दिले.

काळ्या जळाचे घोंघावते भोवरे, अंधारात अर्धे बुडालेले मातेचे मुख, आणि तिच्या ताणलेल्या बाहूतून पायांनी उलटे लोंबणारे बालक!

"पाहा राजन्!" महर्षी गरजले. "पापिणीने मुख छायेत लपवले आहे. बालक जळात सोडले जात आहे."

"भगवन्, बालकाच्या केसांखालचे ते थेंब? ते आधीच भिजलेले दिसते ना?" राजाने चाचरत विचारले.

"गंधर्वाची लेखणी गळली असेल!" असे म्हणून महर्षींनी राणीला पाषाण होण्याचा शाप देण्यासाठी कमंडलूतील जल तळहातावर घेतले. मंदोर्मीने दाईच्या मांडीवरील बाळाकडे पाहिले. ती पाषाण झाली, तर बाळाला पुन्हा आई नव्हती.

"शाप द्या," ती म्हणाली, "पण आधी माझे बाळ त्या चित्रासारखे कोणीतरी धरून दाखवा."

महर्षींचा हात शापजलाने अडलेला. राजा पुढे झाला. त्याने बाळाचे पाय मुठीत धरले मात्र, ते सर्रकन निसटले. वृद्ध दाई पिंगलेने वरच्यावर झेलले.

"अरे राजा, तुलासुद्धा मीच न्हाऊ घातलं, आणि तुला एवढंही येत नाही?" ती कडाडली. "दोन घोट्यांच्या मध्ये तर्जनी घालायची. पोटातलं पाणी काढताना असंच उलटं धरतात. टाकायचं असेल तर बोट कशाला अडकवेल कोणी? आता बघ चित्रात!"

चित्रात तर्जनी घोट्यांच्या मध्ये होती. शापांची सूक्ष्म गती प्रस्तुत कथनकर्तीला कळते असे नाही. ओले बाळ नुसत्या मुठीत राहत नाही, एवढे मात्र तिला पक्के ठाऊक आहे.

महर्षी निस्तेज झाले. "उचललेले शापजल परत घेता येत नाही. नदीत टाकावे तर नदी आटेल, भूमीवर टाकावे तर वन जळेल!"

"मग त्या शाईतच सोडा," मंदोर्मी म्हणाली. "तिने खरे सांगितले, आणि तुम्ही तिच्याकडून खोटे वदवून घेतलेत. यापुढे तिला साक्षीला तरी कोणी बोलावणार नाही."

चित्ररेखाने शाईचे मषीपात्र पुढे केले आणि जल त्यात पडले. तेव्हापासून शाईचे चित्र पाहणाऱ्याशी वाद घालत नाही; जो जे मनात घेऊन येतो, त्याला ते होकार देते. म्हणून जाणते चित्रकार मुखाआधी बोटे रेखाटतात, आणि जाणते रसिक आधी बोटेच पाहतात.

मंदोर्मीने बाळ उचलले. तिची तर्जनी आपोआप त्याच्या घोट्यांमध्ये गेली. राजाने बाळासाठी हात पुढे केला. परंतु त्या दिवशी तिने ते दिले नाही.