खापरभर विस्तव

सुमेरगडाच्या नव्या पेठेत घराचा भाव सकाळी एक असे आणि संध्याकाळी दुसरा! दोनशे होनांचं घर दीड वर्षात दोन हजारांवर गेलं होतं. म्हणून नगरशेट धनपाळांनी राजाला सुचवलं, "महाराज, कुंभारवाड्याची मातीची जमीन घ्या आणि तिथं आणखी एक पेठ बसवा. खजिना ठेवायला जागा पुरणार नाही!"

म्हातारे खजिनदार नारोपंत मान हलवत म्हणाले, "हा भाव म्हणजे फुगलेली पुरी आहे, महाराज. बोट लागायचा अवकाश!"

"पंत, गेल्या वर्षीही तुम्ही हेच म्हणालात. भाव दुप्पट झाला!"

"पुरी आणखी फुगली, एवढंच."

आठ दिवस हा वाद चालला. राजा प्रतापधवल हट्टी, त्यात उतावळा. नवव्या दिवशी तो आसनावर मूठ आपटून ओरडला, "पुरे! मला बोलणं नको. आज दिवस मावळायच्या आत उद्याचा भाव माझ्या हातात आणून ठेवा. नाही जमलं, तर उद्या कुंभारांच्या जमिनीवर मोजणीच्या दोऱ्या पडतील!"

उद्याचा भाव आज हातात ठेवायचा कसा?

सगुणा कुंभारीण त्या वेळी दाराशी पाण्याचा नवा रांजण बसवत होती. दोऱ्यांचं ऐकलं आणि तिचे हात थांबले. त्याच जमिनीतली माती तिच्या नवऱ्यानं वीस वर्षं खणली होती. तो गेल्याला दोन पावसाळे झाले. चाक आता दीर फिरवायचा, पण माती अजून नवऱ्यानं पाडलेल्या वाटेनंच घरी यायची.

पदर खोचून ती पुढे आली. "महाराज, मी ठेवते."

"तू?" धनपाळशेट हसले. "बाई, ही घरं आहेत, मडकी नव्हेत!"

"म्हणूनच विचारते, शेट. दीडदमडीचं मडकं घेताना माणूस वाजवून बघतो. दोन हजारांचं घर कुणी वाजवून पाहिलंय का?"

राजाला मजा वाटली. "बोल, काय हवंय?"

"माझी भट्टी रचून तयार आहे. पेटवायला खापरभर विस्तव हवा. तो नव्या पेठेतून आणून द्यावा. चुलीतलाच हवा हं! आणि महाराजांनी स्वतः आणायचा."

"राजानं दारोदार विस्तव मागायचा?" शेट किंचाळले.

"भाव महाराजांना हातात हवाय. मग हात त्यांचाच लागणार!"

शेजारच्या घरून खापरावर विस्तव आणणं हे तर गावात रोजचं काम. त्यात काय अवघड? राजा खापर घेऊन निघालाच. मागे सगुणा, शेट, पंत आणि अर्धा गाव. वेळ ऐन स्वयंपाकाची.

पहिल्या दाराला कुलूप. दुसऱ्यालाही. तिसऱ्या दारात राखणदार पेंगत होता. तो दचकून उठला. "मालक जुन्या पेठेत राहतात, महाराज. हे घर विकायचंय."

चौथ्या घराचा मालक होता एक कापडवाला. तो हात जोडून बाहेर आला. "विस्तव? महाराज, आम्ही इथं चूल पेटवत नाही. भिंती काळ्या झाल्या की भाव उतरतो!"

"मग राहता कुठं?"

"कुंभारवाड्याच्या मागे. भाड्याच्या खोलीत."

राजा चालत राहिला. खापर या हातातून त्या हातात जात होतं. एका गल्लीच्या टोकाशी शेट एकदम ओरडले, "धूर! धूर!" सगळे धावले. धूर कसला? गिऱ्हाईक घर बघायला येणार म्हणून एक बाई आढ्याची जळमटं झाडत होती!

"शेट, या पेठेत तुमची घरं किती?" सगुणानं विचारलं.

"सात."

"आणि चुली?"

शेट आढ्याकडे बघू लागले.

तीनशे घरं संपली. दुपार कलली. खापर रिकामंच.

"अहो, पण म्हणून काय झालं?" शेट उसळले. "चुली गेल्या वर्षीही नव्हत्या. भाव वाढलाच की!"

"वाढणारच. प्रत्येकानं दुसऱ्याला विकायला घेतलंय. आता तो दुसरा कुणी उरलाय का, ते बघू. तुमच्या सातांतलं एक विका, शेट. आत्ता, इथंच, आजच्या भावानं."

"त्यात काय!" शेट ओट्यावर चढले. "दोन हजार! बोला, कोण घेतो?"

जमलेले घरमालक एकमेकांकडे पाहू लागले. नगरशेट विकतायत? का बरं? त्यांना काही कळलंय की काय?

"त्यांचं राहू द्या, आधी माझं घ्या!" कापडवाला ओरडला. "अठराशे!"

"माझं पंधराशे!"

"हजार! विहिरीसकट!"

"पाचशे!" हे खुद्द शेटच होते.

घ्यायला एकही हात वर होईना. शेवटी कापडवाल्यानं राजाचे पाय धरले. "महाराज, तुम्हीच घ्या! काय वाटेल ते द्या!"

"माझ्याजवळ तर हे खापर आहे," राजा म्हणाला.

"चालेल, महाराज!"

सगुणानं आभाळाकडे पाहिलं. "दिवस अजून वर आहे, महाराज. आणि उद्याचा भाव तुमच्या हातात आहे."

राजानं खापराकडे पाहिलं, पायाशी बसलेल्या कापडवाल्याकडे पाहिलं, आणि तो जो हसत सुटला! हसता हसताच त्यानं हुकूम सोडला, "मातीची जमीन कुंभारांची, कायमची! सनद आजच लिहा. आणि या पेठेत ज्याचं घर, त्यानं महिन्याभरात तिथं चूल पेटवायची. नाहीतर घर आम्ही भाडेकऱ्यांना देऊ. चुली सगळ्या सगुणाबाईंकडूनच घ्यायच्या!"

गर्दीतून वाट काढत शेट सर्वांत आधी पोचले. "बाई, सात चुली टाक माझ्या नावावर. काय भाव?"

"सकाळी दोन पैसे होता, शेट. आता गिऱ्हाईक वाढलंय. चार पडतील."

"दुप्पट? एका दिवसात?"

"थांबून बघता का? संध्याकाळी सहा होतील!"

"घेऊन टाका, शेट, घेऊन टाका!" हसून हसून ओट्यावर बसलेला राजा डोळे पुसत म्हणाला. "भाव वाढतोय!"