चिमी नऊ वर्षांचीच

प्राध्यापक अकोलकरांना विद्या पचली नव्हती, नुसती चढली होती. आमच्या वाचनालयाच्या बालविभागात कोणतं पुस्तक जायचं, हे तेच ठरवत. शैला गवंडेची पहिलीवहिली विज्ञान कादंबरी त्यांच्यापुढे आली, तेव्हा भर सभेत त्यांनी ती टेबलावर आपटली.

"बाई, यान मंगळावर कोसळतंय आणि तुमची नऊ वर्षांची चिमी कप्तानाला तोंडावर सांगते, तुमचं गणित चुकलं? अशी मुलं जगात नसतात. मंगळासारख्या उपग्रहावर उतरायचं म्हणजे पोरखेळ नव्हे. चिमीला वीस वर्षांची करा, नाहीतर पुस्तक परत न्या."

शैलाचा चेहरा उतरला. वीस वर्षांची केली, तर ती चिमी कसली राहणार?

पुस्तक बदलायला आलेली चौथीतली रेणू तांबोळी कपाटापाशी उभी होती. ती म्हणाली, "सर, मंगळ उपग्रह नाही, ग्रह आहे. त्यालाच दोन उपग्रह आहेत."

सभेत कुणीतरी उगाच खोकलं. अकोलकर लालबुंद झाले.

"मोठ्यांच्या चुका काढतेस? कुणाची आगाऊ कार्टी आहे ही?"

"तांबोळ्यांची," रेणू म्हणाली. "पण सर, अशी मुलं जगात नसतात ना? मग तुम्ही रागावताय कुणावर?"

सभा खो खो हसली. अकोलकरांनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि मुकाट्यानं मंजुरीची सही केली.

ते पुस्तक सगळ्यांत आधी रेणूनंच घरी नेलं. परत करताना शैलाला गाठून म्हणाली, "मावशी, गोष्ट झकास आहे. पण चिमीचंही एक गणित चुकलंय."