ओल्या अंगावरचे पाणी

पूर्वी वाराणसीत दृढवर्मा राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व विंध्याच्या पायथ्याशी चितळांच्या कळपात जन्माला आला होता. तो त्या कळपाचा पुढारी होता. शबला ही त्याची बहीण आणि चपलक हा सर्वांत धाकटा भाऊ, दोघेही त्याच कळपात राहत.

एका उन्हाळ्यात वनातले सगळे झरे आटले आणि एकच डोह उरला. एके सकाळी शबला चरत असताना तिचे पाडस चपलकाला म्हणाले, "मामा, तहान लागली."

कळप निघेपर्यंत थांबायला हवे होते. पण थांबणे चपलकाच्या स्वभावात नव्हते. "चल, मी आहे ना!" असे म्हणून तो पाडसाला घेऊन डोहावर गेला. लव्हाळ्यात शिकारी बसला होता. चपलक परत आला तो एकटाच.

त्या दिवसापासून शबला बोलेनाशी झाली. पान हलले तरी तिचे अंग कापे. वाऱ्यावर डोहाचा वास आला की ती उठून पळत सुटे.

त्या कळपात एक जुनी रीत होती. ज्या पाण्यावर घात झाला, तिथे तिसऱ्या दिवशी पाडस गमावलेल्या आईने सर्वांआधी तोंड लावायचे. तोवर कोणी त्या पाण्याला शिवायचे नाही. त्यामुळे भय अंगात घर करत नाही, असे म्हातारे सांगत.

तिसऱ्या दिवशी कळपाच्या जिभा कोरड्या पडल्या होत्या. चपलक बहिणीला शिंगांनी ढकलत डोहाकडे नेऊ लागला. "ताई, चल. एकच घोट. मग सगळं ठीक होईल." ती काठाशी आली. तिने लव्हाळे पाहिले आणि किंचाळून मागे उसळली. खडकावर आपटून तिचा पुढचा पाय फाटला. लंगडत ती मोहाच्या झाडाखाली गेली आणि तिथे पडून राहिली.

"पाडस काय हिचंच गेलं?" धूसरा नावाची म्हातारी आत्या म्हणाली. "माझी तीन गेली. मी प्यायले की नाही? हिच्या रडण्यापायी आम्ही सगळ्यांनी मरायचं का?"

बोधिसत्त्व म्हणाला, "आत्या, तुम्ही सगळे प्या. तिला राहू द्या."

"आणि रीत? रीत मोडणारा पुढारी राहत नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. आजपासून कळप तुम्ही सांभाळा."

आत्या कळपाला घेऊन पाण्यावर गेली. बोधिसत्त्व सर्वांच्या शेवटी डोहात उतरला. मानेपर्यंत भिजला आणि निथळत्या अंगाने मोहाच्या झाडाखाली बहिणीला टेकून बसला. बऱ्याच वेळाने शबलेने त्याच्या खांद्यावरचे पाणी चाटले.

मग हे रोजचेच झाले. ऊन इतके कडक होते की निम्मे पाणी वाटेतच सुके, म्हणून तो दिवसातून पाच-सहा खेपा करी. तरुण नर हसत. "काल मृगराज होता, आज पाण्याची पखाल झाला!"

चपलकाला ते सहन होईना. "दादा, असं किती दिवस चालायचं? तिला धरून एकदाच पाण्यात उभी करू."

"एकदा केलंस ना?"

चपलकाने मान खाली घातली. "ती प्यायली ना, तर मला झोप लागेल रे."

"मग तुझ्या झोपेसाठी तिला ओढू नकोस," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला. "तूही भिजून ये. तिच्या दुसऱ्या बाजूला बस."

चपलक भिजून आला आणि बसला. शबलेने त्याच्याकडे पाहिले नाही. तीन दिवस त्याचे अंग तसेच सुकले. चौथ्या दिवशी तिने त्याच्या पाठीवरचे पाणी चाटले. तो हुंदका देणार होता, पण तिला दचकवायचे नाही म्हणून त्याने तो गिळला.

दोघे भाऊ रोज चार पावले डोहाच्या जवळ सरकून बसू लागले. कधी ती पुढे येई, कधी दिवसभर येत नसे. एकदा दूर कुठे फांदी मोडली आणि ती पुन्हा मोहाखाली जाऊन पडली. भाऊही परत तिथे जाऊन बसले.

आषाढ लागायच्या आधी एका सकाळी ती आपल्या पायांनी काठाजवळ आली. चिखलात कळपाच्या खुरांचे ठसे होते आणि त्यांत पाणी साचले होते. एका ठशातले पाणी ती प्यायली. मग मान वर करून तिने पहिल्यांदा विचारले,

"चपलक, जाताना त्यानं हाक मारली होती का?"

चपलकाने मोठ्या भावाकडे पाहिले. भावाने नजर वळवली नाही; खरे तेच सांग, असे त्या नजरेत होते.

"हो ताई. तुलाच मारली."

शबला रडू लागली. रडता रडताच ती दुसऱ्या ठशातले पाणी प्यायली. डोहाला तिने पुढे आयुष्यभर तोंड लावले नाही. पण ती जगली.

विहारात भिक्षूंना एवढी कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, समोर पाहिले. समोर एक स्त्री बसली होती. मुलगा मारला गेल्यापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. तिच्या भावाने आज तिला हाताला धरून ओढत विहारात आणले होते आणि अजूनही हात सोडला नव्हता.

शास्ते म्हणाले, "त्या वेळची शबला म्हणजे ही माता. चपलक म्हणजे हिचा हा भाऊ. धूसरा आत्या आणि कळप म्हणजे, आता पुरे कर, असं हिला सांगणारे गावातले लोक. भिजून येणारा चितळ मी होतो. भिक्षूंनो, दुसऱ्याच्या दुःखाला घाई न करणं, ही क्षांती, हीच खरी सहनशीलता."

भावाने तिचा हात सोडला. ती उठून गेली नाही, म्हणून तोही तिच्याजवळ खाली बसला.