वाटरक्षक आणि डोंगरातली हलगी

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा दोन राज्यांमधली हद्द एखादा डोंगरच राखत असे, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि परगावी निघताना दाराचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघणाऱ्या मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

डोंगराच्या अलीकडे एक पठारी राज्य होतं. तिथली माणसं मेंढपाळ. उन्हाळ्यात पठार करपलं की ती आपले कळप घेऊन खिंडीतून पलीकडच्या हिरव्या कुरणांवर जात. पण एके वर्षी त्या खिंडीत पठारच्या दूताचा खून झाला. दोन्ही राज्यांनी एकमेकांशी अबोला धरला आणि खिंड बंद झाली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात पठारावर मेंढरं मरत. यंदा तर पावसानेही दगा दिला होता. खिंड उघडली नाही, तर एकही कळप वाचणार नव्हता.

शेवटी राजाने आपल्या थोरल्या बहिणीला पलीकडच्या राणीकडे बोलणी करायला पाठवायचं ठरवलं. सगळे तिला आक्कासाहेब म्हणत. गुडघे थकले होते, पण जीभ अजून तरणीबांड होती.

राज्याचं कुणीही परमुलखात निघालं, की त्याच्या प्रवासाची सारी व्यवस्था वाटरक्षकाकडे असे. कुठे थांबायचं, काय खायचं, कुणाशी बोलायचं, सगळं तो ठरवी. माणूस काही मूर्ख नव्हता बरं का. खिंडीत मारल्या गेलेल्या दूताबरोबर तो तेव्हा शिपाई म्हणून गेला होता आणि एकटाच परत आला होता. डोंगराकडे नजर गेली, की अजूनही तो मान फिरवून घेई.

त्याने तयारी मोठी कसून केली. शत्रूला चकवायला रिकाम्या पालख्या वेगळ्या वाटांनी धाडल्या. खऱ्या पालखीला जुनं घोंगडं गुंडाळलं. खायला घरच्या दशम्या, प्यायला घरचं पाणी, तेही पखालीत भरून खेचरावर लादलेलं. मग तो आक्कासाहेबांना सूचना देऊ लागला.

"परमुलखात कुणाचं पाणी घ्यायचं नाही. कुणाला नाव सांगायचं नाही. कुठल्या गावात थांबायचं नाही. पडदा उघडायचा नाही. आवाज तर अजिबात करायचा नाही."

"आणि शिंक आली तर?" आक्कासाहेबांनी विचारलं.

"दाबायची," वाटरक्षक म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

अशी ती मंडळी हद्दीचा दगड ओलांडून डोंगर चढू लागली. पहिल्या गावाच्या वेशीवर एक बाई घागर घेऊन उभी होती. "पानी घ्या पाव्हनं," ती म्हणाली. वाटरक्षकाने भालाईतांना खूण केली आणि पालखी तिच्यासमोरून तशीच पुढे गेली. बाईने घागर उचलली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या गावातही तेच झालं. आक्कासाहेब पडद्याच्या फटीतून बघत होत्या. एक एक दार बंद होताना त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या गावानंतर कड्यावर माणसं दिसू लागली. त्यांच्या हातात गोफणी होत्या. पालखी थांबली की ती थांबत, पालखी चालली की ती चालत. "पाय उचला! पाय उचला!" वाटरक्षक भोयांवर ओरडू लागला. त्या घाईत खेचराचा पाय घसरला, पखाल खडकावर आपटून फाटली आणि घरचं सगळं पाणी परमुलखाच्या मातीत जिरलं.

ऊन मी म्हणत होतं. भोयांचे ओठ सुकले. कशीबशी ती मंडळी तिसऱ्या गावाच्या वेशीवर पोचली. तिथे दगडी कट्ट्यावर एक म्हातारी घागर घेऊन बसली होती.

"या बाई, पानी घ्या," म्हातारी म्हणाली.

"आक्कासाहेब, नको!" वाटरक्षक आडवा आला. "यात काय कालवलं असेल, कुणी सांगावं?"

आक्कासाहेबांनी पडदा सारला आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली उतरल्या. "अरे, तुझ्या सूचना पाळून मी तहानेने मेले, तर तेही मरणच ना?" असं म्हणून त्यांनी ओंजळ पुढे केली. म्हातारीने धार धरली. आक्कासाहेब पोटभर प्यायल्या, भोई प्यायले, भालाईतही प्यायले.

म्हातारीने विचारलं, "नाव काय तुमचं? कुनीकडं निघाल्या?"

आक्कासाहेबांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, करपलेलं पठार आणि मरणारी मेंढरंही सांगितली. म्हातारीने मागे वळून हाक मारली, "पाव्हनी आलीया रं! वाजवा!"

आणि वेशीवर हलगी कडाडली.

वाटरक्षक हलगीकडे धावला. "थांबवा ते! सगळ्या खोऱ्याला कळेल आम्ही कुठे आहोत!"

"मंग? कळावं म्हनूनच वाजीवत्यात," म्हातारी म्हणाली. "आमचं पानी जो प्याला, तो आमचा. हलगी पुढल्या गावाला सांगती, का आमचं मानूस येतंय, सांभाळा. ते त्याच्या पुढल्याला सांगत्यात. त्या कड्यावरल्या वाटमाऱ्यांनाबी ऐकू जातं. त्या मानसाला हात लावला, तर साऱ्या खोऱ्याशी गाठ हाय, हे त्यांना ठावं हाय."

मग तिचा आवाज उतरला. "मागं एक दूत आला हुता तुमचा. चांगला हुता म्हनं. पर धुक्यातनं गपचीप गेला. कुनाचं पानी न्हाई, कुनाला नाव न्हाई. हलगी वाजलीच न्हाई. त्या वाटमाऱ्यांनी मारला त्येला, तवा कळलं. आमाला ठावं असतं, तर मरू दिला असता व्हय? अजून सल हाय बघा त्यो काळजात."

वाटरक्षक कट्ट्यावर मटकन बसला. त्या धुक्यातून दूताला चोरपावलांनी नेणाऱ्यांत तो स्वतः होता. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं, की आपण लपण्यात कुठेतरी कमी पडलो. म्हणून दर प्रवासात तो माणसांना आणखी लपवत गेला, आणि ज्यांनी त्यांना वाचवलं असतं, त्यांच्यापासूनच लपवत गेला.

"आजी, त्या दूताबरोबर मी होतो," तो कसाबसा म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला.

म्हातारीने त्याच्यापुढे घागर कलती केली. "पी बाबा," एवढंच ती म्हणाली.

तो प्यायला. पाणी गोड होतं.

पालखी पुन्हा निघाली, ती घोंगडं काढून. पडदा उघडा होता. चिंचोळ्या खिंडीत गोफणवाले वाटेच्या अगदी डोक्यावर येऊन उभे राहिले. वाटरक्षकाचा हात सवयीने तलवारीकडे गेला. तेवढ्यात मागच्या गावाची हलगी ऐकू आली, आणि तिला पुढच्या गावाच्या हलगीने जबाब दिला. गोफणवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गोफणी खाली आल्या. त्यांच्यातला एक जण जरासा नाराजीनेच ओरडला, "डावीकडनं जाऊ नगा! दगड सुटल्यात तिथं!"

आक्कासाहेबांनी त्याला हात जोडले. आणि मग त्यांना शिंक आली. त्यांनी ती मुळीच दाबली नाही. सारी खिंड दणाणली, भोई हसले आणि कड्यावरचेही हसले.

राणी दरबाराच्या पायऱ्यांवरच उभी होती. ती म्हणाली, "तुमच्या येण्याची वर्दी आम्हाला केव्हाच मिळाली. जो आमच्या माणसांच्या हातचं पाणी पीत आला, त्याच्याशी आम्ही बोलतो. आमच्या मुलखात तुमचा माणूस गेला, त्याचं दुःख आम्हालाही आहे." दोघी एका चटईवर बसल्या. बोलणी झाली. खिंड उघडली, आणि वेळ हातची जायच्या आत पठारची मेंढरं हिरव्या कुरणांवर पोचली.

वाटरक्षकाने काळजी घेणं काही सोडलं नाही. पालखीचे दोर तो अजूनही स्वतः ओढून बघे, खेचराचे नाल तपासी. पण परमुलखात निघालेल्यांना त्याची पहिली सूचना आता निराळी असे: "पहिल्या वेशीवर थांबा, पाणी मागा, आपलं नाव सांगा."

पुढच्या वर्षी राणीचे दूत पठारावर आले. पठारावर असली रीत कधीच नव्हती. पण हद्दीच्या दगडापाशी वाटरक्षक स्वतः उभा होता. शेजारी पाण्याची घागर आणि हातात हलगी. वाजवता त्याला धड येत नव्हती.

"ताल चुकतोय रे!" मागून आक्कासाहेब ओरडल्या.

"चुकू द्या, आक्कासाहेब," तो म्हणाला. "ऐकू तर जातंय ना?" आणि त्याने आणखी जोरात हलगी वाजवली.

गोष्टीचं सांगणं एवढंच: वाटेवरच्या माणसांपासून लपून कुणी सुरक्षित होत नाही, त्यांचं होऊन राहिलं की ती आपल्याला जपतात.