अळवाचा कंद

“बाळंतिणीला आंघोळीला पाणी किती द्यायचं, माई?”

माईंनी मान वर केली नाही. मठाच्या मागच्या अंगाला, सैपाकघराच्या दाराबाहेर, त्या राख चाळत बसल्या होत्या.

“आधी पाय धू,” त्या म्हणाल्या. “लांबून आलीस.”

मृदुलाबाई उठल्या. रांजणातून अर्धं फुलपात्र पाणी घेतलं. बोटं भिजवली, टाचांवरून फिरवली आणि उरलेलं पाणी जपून बाजूला ठेवलं.

माईंनी त्यांच्या पायांकडे बघितलं. धूळ होती तिथेच होती.

“पाय धुतलेस, का त्यांना नुसतं पाणी दाखवलंस?”

मृदुलाबाई हसल्या नाहीत. हसावं अशा मनानं त्या आल्याच नव्हत्या.

मठ माईंचा, सैपाक माझ्याकडे. पंगत उठली होती, मी आत चूल सारवत होतो. दार उघडंच असतं. दिसलं, कानावर पडलं ते सांगतो.

बाई तालुक्याच्या गावच्या. शाळेत शिकवायच्या, आता घरी असतात. नवरा गेल्यापासून घरात एकट्या. काही वर्षांमागे त्यांच्या गावचं पाणी एका उन्हाळ्यात आटलं. टँकरवर माणसं एकमेकांच्या अंगावर गेली, शेजारच्या म्हातारीचा हात मोडला. ते त्यांनी ओट्यावरून बघितलं, आणि तेव्हापासून भीती जी मनात बसली ती बसलीच.

मग त्या मोजायला लागल्या. आंघोळ तांब्याभर पाण्यात. कपडा विरेपर्यंत दुसरा घ्यायचा नाही. कागदात, पिशवीत बांधलेलं काही आणायचं नाही. दिवेलागणीला दिवा नाही, अगदी दिसेनासं झालं तरच. लोक त्यांचं घर बघायला येऊ लागले. कुठल्याशा मंडळानं बोलावून शाल दिली, तर एक शाल घरात आहे म्हणून यांनी ती परत केली.

हे सांगताना त्यांची मान जराशी ताठ झाली.

मग खाली गेली. म्हणाल्या, एवढं करून भीती काही गेली नाही. केळं सोलायला घेतलं तरी वाटतं, हे किती लांबून आलं असेल. शेजारचा नळ ठिबकला तरी डोळ्याला डोळा लागत नाही. हातात काहीही घेतलं की वाटतं, हेही चुकलं.

माई राख चाळत राहिल्या.

“आणि आता केतकी,” मृदुलाबाई म्हणाल्या.

केतकी त्यांची एकुलती एक लेक. तिला आठवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. म्हणून ती चार कपडे घेऊन आली. आईनं हौसेनं सगळं दाखवलं. खोली दाखवली, जुन्या लुगड्यांची दुपटी दाखवली. शेवटी न्हाणीत नेलं आणि एक पातेलं दाखवलं. म्हणाली, तुझ्या आंघोळीला हे, आणि यातच बाळाचंही भागेल.

लेक त्या पातेल्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी परत गेली, आणि तिकडून फोन केला.

“काय म्हणाली?” माईंनी विचारलं.

“म्हणाली, आई, मी सासरीच राहते. तुझ्याकडे पाणी मागायचं म्हटलं की माझा हात मागे येतो.”

माईंनी चाळणी बाजूला ठेवली.

“मी कोणासाठी राखून ठेवते, माई? त्याच लेकरासाठी ना? ते मोठं होईल तेव्हा त्याला पाणी असावं म्हणून. आणि ते लेकरू माझ्या दारात येणारच नाही.” बाईंचा आवाज बारीक झाला. “एकीसाठी सैल सोडलं तर इतकी वर्षं केलं ते कशाला? आणि नाही सोडलं तर...”

माईंनी राखेचं घमेलं त्यांच्यापुढे सरकवलं.

“पंगतीची भांडी पडलीत. घेतेस घासायला?”

विहीर जवळच आहे. माईंनी स्वतः पाणी शेंदून बादली भरून आणून ठेवली. भांडी घासायचा दगड आहे तिथून जमिनीत एक लहानसा पाट काढलेला आहे, तो जातो अळवात. अळू तिथे दाट माजलंय. पानं सुपाएवढी. दगडावरच्या पाण्याखेरीज त्याला कुणी वेगळं पाणी घालत नाही.

मृदुलाबाईंची नजर तिकडे गेली. म्हणाल्या, आमच्याही परसात होतं, न्हाणीच्या पाण्यावर. सासूबाईंनी लावलेलं. मी मोजून वापरायला लागले तसं ते सुकत गेलं, मग उपटून टाकलं.

“हं,” माई म्हणाल्या.

बाईंनी पदर खोचला. कोरडी राख घेतली, काथ्यानं भांडं घासलं, जुन्या फडक्यानं पुसून काढलं आणि वर ओंजळभर पाणी फिरवलं. ते पाणी भांड्यालाच लागून राहिलं, दगडावर उतरलं नाही. ताटं झाली, पातेली झाली, काठवट झाली. हात झरझर चालत होते. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडला. हे काम त्यांना येत होतं.

सगळं उरकलं तेव्हा बादली भरल्यासारखीच होती.

माईंनी एक पातेलं उन्हाकडे धरलं. आतून, बाहेरून बघितलं.

“लख्ख घासलीस,” म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

मग उठल्या, बादली उचलली आणि पाटाच्या तोंडाशी कलती केली.

मृदुलाबाई धावल्याच. बादलीची कडी दोन्ही हातांनी धरली.

“माई... चांगलं पाणी आहे.”

“हो. चांगलंय.”

“मग ओतता कशाला?”

“रोज त्याला भांड्यांचं पाणी जातं. आज ते झालंच नाही.” माईंनी अळवाकडे हनुवटी केली. “त्याला काय सांगू?”

बाई कडी धरून उभ्या राहिल्या. माई ओढत नव्हत्या, सोडतही नव्हत्या. दोघींच्या मध्ये ते पाणी हिंदकळत होतं...

मग बाईंची बोटं एकेक करून सुटली.

पाणी पाटातून गेलं. वाटेतली धूळ आधी काळी झाली, मग पाणी मुळांशी जाऊन थांबलं आणि हळूहळू दिसेनासं झालं. बाई शेवटपर्यंत बघत होत्या. बघता बघता त्यांनी आपले पाय बघितले. तसेच धुळीनं भरलेले.

त्या पुढे झाल्या. तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते त्यांनी पाटाच्या कडेला उभं राहून पायांवर घेतलं. सगळं घेतलं. मातकट पाणी खाली उतरलं आणि तेही अळवात गेलं.

माई खुरपं घेऊन अळवात वाकल्या. कडेचा एक कंद उकरला, कोंब फुटलेला. माती न झटकता ओल्या फडक्यात गुंडाळला आणि बाईंच्या पदरात घातला. ओटीत घालतात तसा.

मृदुलाबाईंनी पदर दोन्ही हातांनी सावरला. सवयीनं ओठावर आलं तेच त्यांनी विचारलं.

“याला पाणी... किती लागेल, माई?”

माईंनी पातेली उचलून कडेवर घेतली. दारापर्यंत गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या,

“बाळंतीण न्हाईल तेवढं.”