टिकलीची वाटी राहील कुठे?

एक होतं घर. घरात होतं स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात होता फ्रिज. आणि फ्रिजमध्ये, अगदी खाली, होता एक एवढुस्सा कोपरा.

तो कोपरा कुणाचा? टिकलीचा!

टिकली म्हणजे रेवतीकाकूची मांजरी. अंगाने काळी. कपाळावर पांढरा ठिपका. मूठभर अंग आणि हातभर ऐट.

टिकलीची एक वाटी होती. काकू रोज सकाळी तिला दूध द्यायची. संध्याकाळचं दूध वाटीत घालायची. वाटीवर झाकण ठेवायची. वाटी कोपऱ्यात ठेवायची. टिकलीचा कोपरा, टिकलीची वाटी, टिकलीचं दूध!

एक दिवस गौरी जेवल्या. पाहुणे जेवले. बाप रे, किती उरलं! काकूने सगळं फ्रिजमध्ये घातलं. काकूचं असंच. उरलं की फ्रिजमध्ये! चप्पल उरली असती, तर तीही घातली असती.

आणि टिकलीची वाटी? ती बाहेर. ओट्यावर. उकाड्यात.

टिकलीने पाहिलं. मिशा ताठ झाल्या.

"अरेच्चा! माझा कोपरा गेला! आता माझं दूध नासणार. मग संध्याकाळी मी काय पिऊ?"

टिकलीला रडू आलं का? थोडंसं आलं. तिने पंजाने डोळे पुसले.

"कोपरा माझा आहे. मी तो घेणारच!"

शेपटी वर, टुप टुप टुप! टिकली गेली फ्रिजकडे.

"फ्रिजदादा, फ्रिजदादा, जागा दे!
माझी वाटी राहील कुठे?"

फ्रिजने दार किलकिलं केलं. घर्रर्र! घर्रर्र!

"मी नाही गं! पोट फुटायला आलंय माझं. आधी पातेलं हलव, मग मी जागा देतो."

टिकली हटली का? नाही हटली! शेपटी वर, टुप टुप टुप! टिकलीने आत डोकं घातलं. तिथे बसलं होतं खिरीचं पातेलं. पातेलं केवढं? एवढं मोठ्ठं! खीर केवढी? तळाशी, एवढीशी!

"पातेलेराव, पातेलेराव, हला ना!
फ्रिज जागा देईना,
मग माझी वाटी राहील कुठे?"

पातेलं म्हणालं, "मी नाही गं! खीर टाकून जाऊ कसा? आधी डब्याला खीर घ्यायला सांग, मग मी हलतो."

टिकली हटली का? नाही हटली! शेपटी वर, हुप्! टिकली चढली वरच्या कप्प्यात. तिथे होता एक गोल डबा.

"डब्या रे डब्या, खीर घे!
पातेलं हलेना,
फ्रिज जागा देईना,
मग माझी वाटी राहील कुठे?"

डबा म्हणाला, "मी नाही गं! मी शेजारच्या शकूताईंचा डबा. करंज्या घेऊन आलो. शेजारचा डबा रिकामा परत देतात का? छे! म्हणून काकूने माझ्यात चार लाडू भरले. मला इथे ठेवलं आणि विसरूनच गेली! आधी लाडू काढ, मग मी खीर घेतो."

टिकली हटली का? नाही हटली! तिने डब्याचं झाकण ढकललं. टण्!

"लाडवांनो, लाडवांनो, बाहेर या!
डबा खीर घेईना,
पातेलं हलेना,
फ्रिज जागा देईना,
मग माझी वाटी राहील कुठे?"

लाडू म्हणाले, "हु-हु-हु! हुडहुडी भरली! लाडवांना कुणी फ्रिजमध्ये ठेवतं का? आम्ही बरणीतली मंडळी! पण आत्ता नाही गं येत. बरणीशिवाय बसू कुठे? आधी बरणी तयार कर, मग आम्ही निघतो."

टिकली हटली का? नाही हटली! शेपटी वर, टुप टुप टुप! स्टुलावर हुप्! ओट्यावर हुप्! ओट्यावर बरणी पालथी पडली होती. टप, टप, टप! पाणी गळत होतं.

"बरणीताई, बरणीताई, लाडू घे!
लाडू निघेनात,
डबा खीर घेईना,
पातेलं हलेना,
फ्रिज जागा देईना,
मग माझी वाटी राहील कुठे?"

बरणी म्हणाली, "मी नाही गं! आत्ताच न्हायले. ओल्या बरणीत लाडू बुरसतात. आधी फडक्याला मला पुसायला सांग, मग मी लाडू घेते."

टिकली हटली का? नाही हटली! शेपटी वर, टुप टुप टुप! टिकली गेली बाल्कनीत. दोरीवर फडकं होतं. फडफड! फडफड!

"फडक्या रे फडक्या, बरणी पूस!
बरणी लाडू घेईना,
लाडू निघेनात,
डबा खीर घेईना,
पातेलं हलेना,
फ्रिज जागा देईना,
मग माझी वाटी राहील कुठे?"

फडकं म्हणालं, "मी नाही गं! हे बघ, दोन चिमटे! एक या कानाला, एक त्या कानाला. आधी काकूला चिमटे काढायला सांग, मग मी पुसतो."

टिकली हटली का? नाही हटली! शेपटी वर, टुप टुप टुप! काकू चटईवर आडवी झाली होती.

"काकू गं काकू, चिमटे काढ!
फडकं पुसेना,
बरणी लाडू घेईना,
लाडू निघेनात,
डबा खीर घेईना,
पातेलं हलेना,
फ्रिज जागा देईना,
मग माझी वाटी राहील कुठे?"

काकूने एक डोळा उघडला. "आत्ता नाही गं बाई! पहाटेपासून उभी आहे. पायांचे नुसते तुकडे पडलेत. आधी कुणीतरी मला घोटभर चहा द्या, मग मी उठते."

डोळा पुन्हा मिटला.

टिकली हटली का? नाही हटली! शेपटी वर, टुप टुप टुप! अनंतकाका खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांचं पोट गौरीच्या जेवणाने टम्म झालं होतं.

"काका हो काका, चहा करा!
काकू उठेना,
फडकं पुसेना,
बरणी लाडू घेईना,
लाडू निघेनात,
डबा खीर घेईना,
पातेलं हलेना,
फ्रिज जागा देईना,
मग माझी वाटी राहील कुठे?"

काका ताडकन उठले. "चहा? आत्ता करतो!" त्यांनी पाणी ठेवलं. साखर घातली. चहापत्ती घातली. मग थांबले.

"अरे! दूध कुठाय? सगळं दूध तर खिरीत गेलं! काकूला काळा चहा चालत नाही. आधी दोन चमचे दूध आण, मग चहा होईल."

दूध? घरात दूध कुठे होतं?

सांगा बरं, कुठे होतं?

टिकलीच्या वाटीत!

आता मात्र टिकली थांबली. शेपटी खाली आली. तिने वाटीकडे पाहिलं.

"चहा होईना,
काकू उठेना,
फडकं पुसेना,
बरणी लाडू घेईना,
लाडू निघेनात,
डबा खीर घेईना,
पातेलं हलेना,
फ्रिज जागा देईना,
मग माझी वाटी राहील कुठे?"

दूध आधीच एवढंसं. त्यातलं द्यायचं? टिकलीला फार वाईट वाटलं. पण टिकली होती हुशार.

"दूध धरून बसले, तर सगळंच नासेल. थोडं दिलं, तर उरलेलं टिकेल."

शेपटी वर! ओट्यावर हुप्! टिकलीने नाकाने वाटी पुढे ढकलली. सर्रर्र!

"घ्या काका! पण दोनच चमचे हं!"

काकांनी घेतलं. एक... दोन... बस!

आणि मग काय झालं?

चहा झाला, भुस्स!
काकू चहा प्यायली, भुर्रर्र!
काकू उठली, हुश्श!
काकूने चिमटे काढले, टक्, टक्!
फडक्याने बरणी पुसली, खस्स खस्स!
बरणीने लाडू घेतले, टुपुक, टुपुक, टुपुक, टुपुक!
डब्याने खीर घेतली, डुबुक!
पातेलं हललं, खणाणा!
फ्रिजने जागा दिली, आह्ऽऽ!

आणि वाटी? वाटी कोपऱ्यात बसली. अलगद. गारेगार.

फ्रिज हसला, "घर्रर्र! आता कसं हलकं वाटतंय!"

काकू खिरीचा डबा घेऊन निघाली शेजारी. टिंगटाँग! शकूताईंनी दार उघडलं.

"अगंबाई, माझा डबा! आणि हे काय गं, खीर?"

"मग? तुझा डबा रिकामा कसा देऊ? आम्ही माणसं दोन. एवढी खीर खाणार कोण?"

शकूताईंनी तिथेच बोट बुडवून चाखली. "वा वा! रेवती, खीर करावी तर तूच!" काकू गालातल्या गालात हसत घरी आली.

संध्याकाळ झाली. काकूने वाटी काढली. झाकण उघडलं. दूध नासलं होतं का? मुळीच नाही! छान होतं.

पण काकू म्हणाली, "अहो, टिकलीचं दूध कमी कसं?"

काका खाकरले. "ते... तुझ्या चहात होतं."

काकूने टिकलीला उचललं. पोटाशी धरलं. "माझी बाय ती! स्वतःच्या वाटीतलं दूध मला दिलंस?"

तेवढ्यात दारात दूधवाला आला. "दूऽऽध!"

पहिलं माप कुणाला? चहाला नाही. काकांना नाही. टिकलीच्या वाटीत! वाटी काठोकाठ भरली. लप लप लप! मिशा पांढऱ्या झाल्या.

काकू म्हणाली, "अहो, ऐका. आजपासून फ्रिजमध्ये आधी टिकलीची वाटी. मग सणाचं काय ते!"

मग दसरा आला. श्रीखंडाचं भांडं आलं, भलंमोठं, तोऱ्यात. म्हणालं, "ए वाटी, सरक! मी दसऱ्याचं श्रीखंड आहे!"

टिकली कोपऱ्यासमोर उभी राहिली. एवढुश्शी टिकली. शेपटी वर.

"म्याव!"

श्रीखंड मुकाट्याने वरच्या कप्प्यात गेलं.