दोन-शून्य दिवे

फार पूर्वी एका विस्तीर्ण तळ्याच्या दोन काठांवर दोन गावं होती. मधल्या पाण्यावर दिवसभर धुकं असायचं, इतकं दाट की होडीतल्या माणसाला आपलीच वल्ही दिसायची नाहीत.

अलीकडच्या गावात एक मोजणीदार राहत असे. आकाशात उडणारे बगळेही तो मोजी. त्याची सून पलीकडच्या गावची. नवी असताना ती एकदा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत कमळं मोजत होती. “बोटं सोडून पेरं कुणी मोजतं का?” म्हणून तो चारचौघांत हसला. तेव्हापासून तिने कधी मोठ्याने मोजलं नाही.

एका सकाळी पलीकडून कबुतर आलं. त्याच्या पायाला चिठ्ठी होती: ‘आमचा काठ खचतो आहे. मुलाबाळांसह होड्या सोडल्या आहेत. पाण्यात होडी-होडीच्या अंतरावर बांबू रोवून २० दिवे लावा. काठापासून निघणाऱ्या तीन सारख्या रांगा करा. शेवटचे दिवे खडकांच्या पुढे येतील, तिथूनच आम्ही आत वळू.’

मोजणीदार विचारात पडला. विसाचे तीन सारखे वाटे होईनात. दोन उरत.

“अठराच लावू,” गावकरी म्हणाले. “त्यांना कुठलं आलंय गणित!”

मोजणीदारही तेच म्हणणार होता. पण होड्यांमध्ये तान्ही मुलं होती. इतक्यात त्याला काठावर उभी असलेली सून दिसली. तिचे ओठ मिटलेले होते, अंगठा मात्र पेरांवरून फिरत होता.

सगळं गाव बघत होतं. विचारावं तर आपली लाज जाणार. तरी तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“सूनबाई, मला हे उमगत नाही. तू सांग.”

“मामंजी, तुम्ही हसाल.”

“तेव्हा हसलो ते चुकलं, पोरी. सांग.”

तिने तळहात पुढे केला. “चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं. बारा झाली की एक फेरी. आमच्याकडे दोन-शून्य लिहिलं, म्हणजे दोन फेऱ्या पुऱ्या आणि वर काही नाही.”

“म्हणजे चोवीस!” मोजणीदार पुटपुटला. “तीन रांगा, आठ-आठ दिवे. काही उरत नाही!”

चोवीस दिवे लागले. धुक्यात ते पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या फुलांसारखे दिसत होते. मग कुठूनशी वल्ह्यांची चुबुक-चुबुक ऐकू आली, आणि एकामागून एक होड्या आठव्या दिव्यापाशी वळून आत आल्या.

उन्हं चढली तसं धुकं थोडं विरलं. सहाव्या दिव्याच्या पुढ्यातच पाण्यातून काळे, सुळक्यांसारखे खडक वर आलेले दिसले. अठरा दिवे लावले असते तर होड्या नेमक्या तिथेच वळल्या असत्या.

होडीतून उतरलेल्या एका म्हातारीने विचारलं, “बाबा, इतके नेमके दिवे कुणी लावले?”

“लावले आम्ही,” मोजणीदार सुनेकडे बघत म्हणाला, “पण मोजले हिने.”

तात्पर्य: दुसऱ्याचं गणित चुकलेलं वाटलं, तर हसण्याआधी तो कसा मोजतो ते विचारावं.